कादंबरीचे पारखी व खानदेश

विलायतेंत कादंबरी लिहिणारा आणि ती छापणारा यांच्यामध्यें एक तिसरा माणूस उभा असतो. तिकडे त्याला लिटररी एजंट म्हणतात. आपल्याकडे या धंद्याला नांव नाहीं. पण ‘ग्रंथांचा अडत्या’ असें म्हटलें तर जळगांव-धुळ्याच्या बाजारांतील कोणत्याही माणसाला त्याचा अर्थ चटकन् कळेल. शेतकऱ्याची कपाशी गाडींत भरून येते, अडत्या मूठभर कापूस उचलतो, चिमटींत धरून धागा ओढून पाहतो, आणि साऱ्या गाडीची किंमत त्या एका मुठीवर ठरते. लंडनच्या अडत्याचेंही तसेंच आहे. हस्तलिखिताचीं पहिलीं दहापांच पानें ही त्याची मूठ. त्यांत धागा लांब निघाला तर तो पुढचें वाचतो. नाहीं तर कागद आल्या वाटेनें परत जातात.

हा धंदा फार जुना नाहीं. अलेक्झांडर पोलॉक वॉट नांवाच्या एका स्कॉच गृहस्थानें १८७५ च्या सुमारास जॉर्ज मॅक्डोनल्ड या आपल्या ग्रंथकार मित्राचें लेखन विकून देण्याचें काम पत्करलें, आणि पुढील पांचसात वर्षांत तोच त्याचा राजरोस व्यवसाय झाला. लेखकाच्या पदरांत पडणाऱ्या पैशांचा दहावा हिस्सा हा त्याचा मेहनताना. हार्डी, किप्लिंग, कॉनन डॉइल, रायडर हॅगर्ड अशीं मातबर माणसें त्याच्या अशिलांत होतीं. प्रकाशकांना अर्थात् हा मधला माणूस रुचला नाहीं. विल्यम हाइनमन यानें तर त्याच्याविरुद्ध उघड मोहीमच मांडली होती. परंतु धंदा टिकला, कारण लेखकाला करारांतील बारीक अक्षरें वाचून दाखविणारा कोणी तरी हवा होता, आणि प्रकाशकालाही रोज दारावर येणाऱ्या ढिगांतून चार दाणे वेंचून देणारा कोणी तरी हवाच होता.

वॉटच्या पूर्वी हें वेंचण्याचें काम प्रकाशकाच्या पदरीं असलेला ‘वाचक’ करीत असे. या वाचकाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १८६८ सालीं टॉमस हार्डीनें आपली पहिली कादंबरी मॅक्मिलनकडे धाडली. ‘गरीब माणूस आणि बाईसाहेब’ अशा अर्थाचें तिचें नांव होतें. ती परत आली. मग ती चॅपमन आणि हॉल यांच्याकडे गेली. त्यांचा वाचक होता जॉर्ज मेरेडिथ, स्वतः मोठा कादंबरीकार. त्यानें या तरुणाला समोर बसवून सांगितलें कीं, हें असेंच छापशील तर टीकाकार तुझ्यावर तुटून पडतील. त्यापेक्षां भरगच्च संविधानकाची एखादी गोष्ट लिही. हार्डीनें ऐकलें. खून, गुपितें आणि योगायोग यांनीं खच्चून भरलेली ‘डेस्परेट रेमेडीज’ ही कादंबरी त्यानें लिहिली, आणि १८७१ मध्यें ती छापण्यासाठीं पदरचे पंचाहत्तर पौंड मोजले. त्या पहिल्या कादंबरीचें हस्तलिखित मात्र पुढें नष्ट झालें. मेरेडिथचा सल्ला चुकीचा होता असें म्हणवत नाहीं, कारण संविधानकाची बांधणी हार्डी तेथेंच शिकला. आणि तो सर्वस्वीं बरोबर होता असेंही म्हणवत नाहीं, कारण वरच्या वर्गावर जळजळीत टीका करणारें एक पुस्तक त्या सल्ल्यापायीं कायमचें बुडालें. पारख्याच्या हातून एकाच वेळीं या दोन्ही गोष्टी घडतात. पुढील विवेचनांत वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आजचा अडत्या बाजारांत खपणाऱ्या कादंबरींत काय शोधतो? तो पाहतो कीं, गोष्ट कोणाची आहे, त्या माणसाला काय हवें आहे आणि तें त्याला मिळूं न देणारें काय आहे, या तीन गोष्टी पहिल्या प्रकरणांतच कळतात कीं नाहीं. सारी कादंबरी दोन वाक्यांत सांगतां यावी अशी त्याची अपेक्षा असते, कारण त्यालाही ती दुसऱ्याला दोन वाक्यांतच सांगावयाची असते. पुस्तक दुकानांतील कोणत्या फळीवर बसेल, त्याच्या जातीचें दुसरें एखादें पुस्तक नुकतेंच खपलें आहे काय, पानें बेताचीं आहेत काय, आणि या लेखकाच्या अंगीं दुसरें पुस्तक लिहिण्याची धमक आहे काय, हेंही तो पाहतो. हें सारें हिशेबी आहे म्हणून आम्हां शिक्षकमंडळींनीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं. वाचकाला ताटकळत ठेवूं नये हा साधा शिष्टाचार आहे, आणि पुष्कळ प्रतिष्ठित लेखकांना तो ठाऊक नसतो. पण त्याच्या मनांत आणखी एक मागणी असते, ती त्याला स्वतःलाही नीट सांगतां येत नाहीं. ती म्हणजे लेखकाचा गळा. शंभर हस्तलिखितें वाचल्यावर एकशें एकाव्यांत कोणी तरी खरोखरीच बोलूं लागतो, आणि अडत्या ताठ बसतो. सारी गंमत अशी कीं, हा गळा ज्याला असतो त्याचें पुस्तक बहुधा वरच्या हिशेबांत बसत नाहीं.

मराठींत हा माणूस कोण होता? स्वतंत्र अडत्या आमच्याकडे निपजला नाहीं. पण निवड तर होतच होती. ती करणारा प्रत्येक जण मूळचा दुसरा कोणी तरी होता, आणि आपल्या मूळ धंद्याला जें लागे तेंच तो कादंबरीकडून मागत असे. मराठी कादंबरीचा इतिहास या बाजूनें पाहिला तर पुष्कळ गोष्टी निराळ्या दिसतात. त्यांत आमच्या खानदेशाचा हात लोक समजतात त्याहून मोठा आहे.

पहिला पारखी सरकारी. पेशवाईंत विद्वान् ब्राह्मणांना वांटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अंमलांत मराठी ग्रंथांच्या बक्षिसाकडे वळविण्यांत आली, आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी ग्रंथांची परीक्षा करूं लागली. कमिटीला ज्ञान हवें, बोध हवा, शुद्ध भाषा हवी. अशा दरबारांत कादंबरीनें भीत भीतच पाऊल टाकावें हें साहजिक होतें. बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांची दुःस्थिति सांगण्यासाठीं व धर्मप्रसाराच्या हेतूनें लिहिलेलें. त्याला बाजाराशीं कर्तव्य नव्हतें. बाजाराची खरी सुरुवात लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) झाली. तिच्यामागून आलेल्या अद्भुत कादंबऱ्यांत राजपुत्र, हरण केलेल्या नायिका, अरण्यें आणि अखेरीस सद्गुणाचा जय, हा सांचा इतका पक्का बसला कीं, तो मोडण्यास एक पिढी लागली.

या सांच्याचें समर्थन करणारा एक प्रामाणिक माणूस होऊन गेला. नारो सदाशिव रिसबूड यांनीं ‘मंजुघोषे’च्या (१८६८) प्रस्तावनेंत सरळ सांगून टाकलें कीं, आमच्या लोकांचीं लग्नें लहानपणींच होतात, आमच्या घरांत चमत्कारिक असें कांहीं घडत नाहीं, खरें तेंच लिहावयाचें तर त्यांत वाचकाला गोडी वाटण्याजोगें उरणारच नाहीं, म्हणून आम्हांला अद्भुताकडे धांवावें लागतें. आज हें वाचून हसूं येतें. पण लंडनचा अडत्या लेखकाला जें पत्र धाडतो, कीं आपल्या विषयांत ओढ नाहीं, तें रिसबुडांनीं स्वतःच स्वतःला लिहून ठेवलें होतें. बाजाराला काय हवें हें आपल्याला ठाऊक आहे अशी लेखकाची खात्री झाली म्हणजे पारख्याची गरजच उरत नाहीं.

रिसबुडांना उत्तर मिळालें तें बावीस वर्षांनीं, आणि तें देणारा पुरुष खानदेशांत जन्मला होता. हरि नारायण आपटे यांचा जन्म धुळें-जळगांव रस्त्यावरील पारोळें येथें ८ मार्च १८६४ रोजीं झाला. त्यांचें आयुष्य पुढें मुंबई-पुण्याकडे गेलें, आणि पुणेकर त्यांना सर्वस्वीं आपलेच समजतात, समजोत बापडे. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ मध्यें ‘पुणें वैभव’ पत्रांतून क्रमशः निघाली. तिच्यामागें रेनॉल्ड्सचें बोट होतें. लंडनच्या गल्लीबोळांतील गुन्हे व रहस्यें रंगविणारा हा रेनॉल्ड्स त्याच्या देशांत दुय्यम गणला गेला, परंतु हिंदुस्थानांतील इंग्रजी शिकलेल्या तरुणांनीं त्याला डोक्यावर घेतलें होतें. म्हणजे हरिभाऊही बाजाराच्याच दारानें आंत शिरले.

पण १८९० मध्यें त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें आणि त्यांतून ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ क्रमशः देण्यास आरंभ केला. एका ब्राह्मण घरांतील यमू नांवाची मुलगी आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते. माहेर, सासर, नवऱ्याशीं लाभलेला थोडा सहवास, वैधव्य, आणि शेवटीं केशवपन. रिसबुडांनीं ज्या घरांत कांहींच घडत नाहीं म्हटलें होतें तेंच हें घर. या कादंबरीचें हस्तलिखित जर कोणा तिऱ्हाइताकडे निवडीसाठीं गेलें असतें, तर तो काय म्हणाला असता याची कल्पना करणें कठीण नाहीं. शेवट दुःखाचा, नायिका सोंवळी होणारी, प्रसंग घरगुती, विस्तार अफाट! परंतु तिऱ्हाईत नव्हताच. लिहिणारा, निवडणारा आणि छापणारा एकच. विकणारा व विकत घेणारा एका अंगरख्यांत असल्यामुळें ही कादंबरी बाहेर पडली. दर आठवड्याला वाचक पुढल्या अंकाची वाट पाहतील कीं नाहीं, ही एकच परीक्षा तिला द्यावी लागली, आणि त्या परीक्षेंत ती उतरली.

या व्यवस्थेची किंमतही हरिभाऊंनीं भरली. ‘करमणूक’ सुमारें अठ्ठावीस वर्षें चाललें. दर आठवड्याची भूक भागवितांना कादंबऱ्या लांबत गेल्या, उपकथानकांना पालवी फुटत गेली, आणि ‘कर्मयोगा’सारखें लेखन अपुरेंच राहिलें. हातांत कात्री घेऊन ‘हरिभाऊ, येथें थांबा’ असें म्हणणारा कोणी त्यांच्याजवळ असता तर? ‘उषःकाल’ थोडी आटोपशीर झाली असती. पण यमूचें काय झालें असतें हें सांगवत नाहीं.

‘करमणुकी’च्या मागोमाग जानेवारी १८९५ मध्यें काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं ‘मनोरंजन’ काढलें. मूळचे आजगांवकर; बंगाली वाङ्मयाच्या ओढीनें ‘मित्र’ झालेले. १९०९ मध्यें त्यांनीं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि मराठी कथा तिच्यावर अजून जगत आहे. मित्रांना घरांतल्या बायकामुलांपुढें ठेवतां येईल असें गोड, सुटसुटीत लेखन हवें असे. वि. सी. गुर्जर यांच्यासारखे कथाकार त्यांच्याच अंगणांत वाढले.

आतां धुळ्याकडे वळूं. धुळ्याचें नांव इतिहाससंशोधनाशीं कायमचें जोडलें गेलें तें विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यामुळें. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते तेथेंच वारले, आणि १९२७ मध्यें त्यांच्या संग्रहासाठीं राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. दफ्तरें, महजर आणि वंशावळी यांत बुडालेल्या या पुरुषानें १९०२ सालीं ‘कादंबरी’ या विषयावर एक विस्तृत निबंध लिहिला होता, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. त्यांत त्यांनीं मराठी कादंबरीला युरोपांतील, विशेषतः फ्रान्सांतील, मोठ्या कादंबऱ्यांशेजारीं उभें केलें, आणि तिची उंची मोजून निकाल निर्दयपणें सांगितला. अडत्या म्हणतो, गेल्या वर्षीं काय खपलें तें पाहा. राजवाडे म्हणतात, जगांत काय लिहिलें गेलें तें पाहा. हा पारखी कोणालाही चार आणे मिळवून देणारा नव्हता, आणि त्याच्या कसोटीवर उतरेल अशी कादंबरी त्या सालीं मराठींत हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. तरी पण अशी कसोटी कोणी तरी लावून ठेवली होती ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बाजारभावाशेजारीं दुसरा एक भाव टांगलेला असला म्हणजे निदान तफावत डोळ्यांना दिसते.

पुढें बाजाराचें शास्त्रच तयार झालें. ना. सी. फडके यांचें ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्यें निघालें. कथानकाचा आरंभ कसा करावा, गुंता कसा वाढवावा, वाचकाची उत्कंठा कोठें ताणावी, याचे धडे त्यांत आहेत, आणि विलायतेंतील कोणत्याही अडत्यानें तें आपल्या लेखकांच्या हातीं दिलें असतें. फडके स्वतः त्या शास्त्रावर लिहीत आणि खपत. त्याहून खालच्या म्हणविल्या जाणाऱ्या मजल्यावर बाबूराव अर्णाळकर (१९०६–१९९६) होते. झुंजार आणि काळापहाड यांच्या करामतींनीं भरलेल्या त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर गेली. त्यांचा पारखी म्हणजे भाड्यानें पुस्तकें देणारा दुकानदार. पुस्तक किती दिवसांत परत येतें आणि लगेच किती जण मागतात, हा त्याचा हिशेब. प्राध्यापकांनीं अर्णाळकरांचा उल्लेख बहुधा टाळला. प्राध्यापकांच्या मुलांनीं मात्र तीं पुस्तकें पाठ्यपुस्तकांत लपवून वाचलीं.

याच काळांत अंमळनेरच्या एका शिक्षकानें या साऱ्या शास्त्राला न जुमानणारें पुस्तक लिहिलें. पांडुरंग सदाशिव साने १९२४ पासून १९३० पर्यंत अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिकवीत. कोंकणांत जन्मलेल्या या माणसाला ‘साने गुरुजी’ केलें तें खानदेशच्या मुलांनीं. नोकरी सोडून ते सत्याग्रहांत उतरले, आणि फेब्रुवारी १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहून काढली. १९३५ मध्यें ती प्रसिद्ध झाली. फडक्यांच्या कसोटीवर ही ठेवून पाहा. प्रणय नाहीं, गुंता नाहीं, उत्कंठा नाहीं; रात्रीमागून रात्र एक मोठा झालेला मुलगा आपल्या आईविषयीं बोलतो, आणि शेवटीं आई मरणार हें वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असतें. दोन वाक्यांत ती सांगूं गेलें तर कांहींच हातीं लागत नाहीं. आणि खपाच्या बाजूनें पाहिलें तर महाराष्ट्रांत घरोघर पोंचलेल्या थोड्या पुस्तकांत तिची गणना आहे. आचार्य अत्र्यांनीं १९५३ मध्यें तिचा चित्रपट केला, त्याला राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. टीकाकार तिला भाबडी म्हणतात. ती आहेही थोडी. परंतु वर ज्याला मी गळा म्हटलें तो येथें पहिल्या ओळीपासून ऐकूं येतो, आणि लोकांनीं त्याची किंमत कोणा अडत्याला न विचारतां दिली.

अत्र्यांचें नांव निघालें म्हणून विषयांतराचा दोष पत्करून आणखी एक सांगतों. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजीं वारल्या. त्यांना लिहितां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत त्या ओव्या रचीत, आणि घरच्या मंडळींनीं त्या कागदावर उतरून ठेवल्या होत्या. कवि असलेले त्यांचे चिरंजीव सोपानदेव तें बाड घेऊन अत्र्यांकडे गेले, आणि १९५२ मध्यें ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ महाराष्ट्राच्या हातीं आलीं. येथें कवितेचा प्रश्न आहे, कादंबरीचा नव्हे. पण एका बाडाला बरोबर दार सांपडलें नसतें तर काय झालें असतें, हें जळगांवच्या माणसाच्या मनांतून जात नाहीं. सोपानदेवांची साहित्यिकांत ऊठबस होती म्हणून तें दार उघडलें. ज्यांच्या घरांत सोपानदेव नव्हते अशा किती जणी गेल्या?

प्रश्न अंतराचा आहे. खानदेशांत वाचणारे नव्हते असें नाहीं. साहित्य संमेलन १९३६ सालीं जळगांवांत माधव जूलियनांच्या, आणि १९४४ सालीं धुळ्यांत मामा वरेरकरांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. मामा तर लोकप्रिय नाटककार-कादंबरीकार. गांवोगांवचीं वाचनालयें पुण्या-मुंबईचीं पुस्तकें विकत घेत. माल येई, पण माल जात नसे. कपाशीच्या नेमकें उलट. निवडणारे सारे घाटाकडे बसलेले. अहिराणी किंवा लेवा बोलींत विचार करणारा मुलगा लिहूं लागला कीं पहिल्यानें पुण्याची भाषा उचली, आणि त्या भाषेंत त्याचा गळा हरवून जाई.

म्हणून १९६३ सालच्या घटनेकडे मी विशेष कौतुकानें पाहतों. भालचंद्र नेमाडे हे जळगांव जिल्ह्यांतील सांगवीच्या शेतकरी घरांत १९३८ मध्यें जन्मलेले तरुण. पुण्यांत शिकून, मुंबई पाहून, हातीं ठळक असें कांहीं न लागतां गांवीं परतलेले. खांडेकरांच्या पुस्तकांचे प्रकाशक म्हणून प्रसिद्ध असलेले पुण्याच्या देशमुख आणि कंपनीचे रा. ज. देशमुख यांनीं या पोराला कादंबरी लिही म्हणून गळ घातली. म्हणजे येथें हस्तलिखित पारख्याच्या दारीं गेलें नाहीं. पारखीच लेखकाकडे आला. नेमाड्यांनीं गांवीं बसून अल्पावधींत ‘कोसला’ लिहिली, आणि त्याच वर्षीं ती बाहेर पडली.

पांडुरंग सांगवीकर हा तिचा नायक. तो पुण्याला शिकावयास जातो, वसतिगृहांत राहतो, पैसे उधळतो, नापास होतो, घरीं परततो. धाकटी बहीण मनू मरते. एवढेंच. त्याला काय हवें आहे हें त्यालाही माहीत नाहीं, मग अडत्याच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर तो काय देणार? वाक्यें तुटकीं, थट्टा तिरकस, मधेंच डायरी, मधेंच इतिहासाचें विडंबन, आणि साऱ्यांतून खानदेशच्या बोलण्याची लय. खांडेकरांच्या ध्येयवादी, अलंकृत वाक्यांवर पोसलेल्या दुकानांतून ही चीज विक्रीस आली, यांत देशमुखांचें धाडस दिसतें. ज्या मालावर आपली पेढी चालली त्याच्या नेमका विरुद्ध माल त्यांनीं स्वतः मागवून घेतला. असें धाडस पगारी वाचकाला झेपत नाहीं, आणि दहा टक्क्यांवर जगणाऱ्या अडत्याला तर क्वचितच झेपतें. नेमाडे पुढें कांहीं काळ धुळ्यांत शिकवीत होते. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, आणि ‘कोसला’ आजही छापली जाते.

मराठींत ग्रंथांचा अडत्या अजून रुजलेला नाहीं. हजार प्रतींच्या आवृत्तीवर चाललेल्या धंद्यांत दहावा हिस्सा काढून त्याचें पोट कसें भरावें? त्यामुळें निवड अजून प्रकाशकाच्या टेबलावरच होते, आणि कित्येक ठिकाणीं निवडीऐवजीं लेखकाकडून छपाईचा खर्च मागितला जातो. हार्डीचे पंचाहत्तर पौंड असे परत परत निघतात. जळगांव-धुळ्याचीं मुलें आतां आपल्या बोलींत लिहितात, हा फरक मात्र मोठा आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत संमेलन पुन्हां अंमळनेरला भरलें, साने गुरुजींच्या शाळेच्या गांवीं. आणि पुण्या-मुंबईचे प्रकाशक पुस्तकांच्या पेट्या घेऊन, दुकानें मांडण्यासाठीं कां होईना, खानदेशांत आले.